अक्षरांचे बिऱ्हाड

स्मरणिका समितीने मला ‘मंडळाच्या संगणकाचा इतिहास लिहा’ असे सांगितले, तेव्हा प्रथम हसूच आले. इतिहास म्हटला म्हणजे लढाया, तह आणि सनावळ्या! कोपऱ्यातील टेबलावर बसलेल्या यंत्राचा कसला आला आहे इतिहास? परंतु लिहावयास बसले आणि आठवले, की या यंत्रापायी आपण आपल्या माईंचे शब्द कायमचे गमावून बसलो असतो. तेव्हा भगिनींनो, ही हकीकत थोडी सविस्तरच सांगते. मध्ये तांत्रिक भाग येईल. पण तो अनारशांच्या पिठापेक्षा अवघड नाही.

सुरुवात टंकलेखन यंत्रापासून करणे भाग आहे. मी मराठी टंकलेखन शिकले ते १९७४ साली. मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा असे. त्या यंत्रावर पुष्कळ अक्षरे सबंध उमटत नसत. ‘भ’ हवा असेल तर आधी दांडीवाचूनचा अर्धा भ उठवावयाचा आणि मग काना. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते म्हणून ती आधीच मारावयाची, रफार मागाहून. म्हणजे आम्ही भाषा लिहीत नव्हतो, चित्र जुळवीत होतो. हे वाक्य ध्यानात ठेवा. पुढचे सारे रामायण त्यातूनच घडले आहे.

१९९९ साली मंडळाने वर्गणी काढून विंडोज ९८ असलेला संगणक घेतला. त्याबरोबर मराठीचे एक पॅकेज आले. (त्याचे नाव येथे सांगत नाही, त्याने पुढे आम्हांला छळले.) या पॅकेजबरोबर काडेपेटीएवढे एक लॉक मिळाले. ते यंत्राच्या पाठीमागे, छपाईयंत्राची तार लावतात त्या खोबणीत बसवावे लागे. लॉक नसेल तर मराठी नाही! आमच्या कोषाध्यक्ष ते घरी नेऊन दागिन्यांच्या डब्यात ठेवीत. त्याच वर्षी मी माईंची आठवण टंकून घेतली. त्या खुर्चीवर बसून सांगत होत्या, मी कळा दाबीत होते. मंडळ कसे निघाले, पहिल्या सभेला किती जणी आल्या, कोणाच्या ओटीवर सतरंजी पसरली, सगळे. पुढच्या वर्षी माई गेल्या.

आता त्या काळातील मराठी संगणकात कशी राहत असे, ते सांगते. तेव्हाच्या टंकात अक्षरांना २५६ घरे असत, आणि नेहमीची घरे इंग्रजी अक्षरांनी व चिन्हांनी आधीच व्यापलेली. मराठीची पॅकेजे करणाऱ्यांनी युक्ती अशी केली, की घर इंग्रजी अक्षराचेच राहू द्यावयाचे, फक्त त्यावर देवनागरी तुकड्याचे चित्र चिकटवावयाचे. उत्तरेत फार चाललेल्या कृतीदेव टंकाचे उदाहरण घ्या. त्यात ‘भारत’ हा शब्द यंत्राच्या पोटात ‘एच, के, के, जे, आर’ असा असतो. एच म्हणजे अर्धा भ, पहिला के म्हणजे त्याची दांडी, दुसरा के म्हणजे काना. टंक असेल तोवर भारत. टंक काढला की ‘एचकेकेजेआर’! अन् प्रत्येक पॅकेजवाल्याने तुकड्यांची मांडणी आपापल्या मर्जीने केलेली. श्रीलिपीची एक, आकृतीची दुसरी, सी-डॅकच्या टंकांची तिसरी. एका घरातून दुसऱ्या घरात सामान न्यावे तर तेथे खुंट्याच निराळ्या.

हे असेच चालू राहावे अशी सर्वांची इच्छा होती, असे मात्र नव्हे. १९८६ साली भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने सर्व भारतीय लिप्यांसाठी एकच कळफलक ठरविला होता; तोच इनस्क्रिप्ट. त्यात स्वर डाव्या हाताला, व्यंजने बहुतांशी उजव्या. १९९१ साली भारतीय मानक संस्थेने इस्की नावाची संकेतप्रणाली मान्य केली. तिच्यात चित्राच्या तुकड्याला नव्हे, तर अक्षराला क्रमांक होता. त्याच सुमारास अमेरिकेत जगातील साऱ्या लिप्यांना एका वहीत बसविण्याची खटपट चालू होती. त्या वहीचे नाव युनिकोड; पहिली आवृत्ती १९९१ च्या ऑक्टोबरची. देवनागरीला तिच्यात १२८ जागा मिळाल्या आणि त्यांची मांडणी इस्कीवरूनच घेतली गेली. तेथे ‘क’चा क्रमांक २३२५, ‘ख’चा २३२६, ‘ग’चा २३२७. पुणे असो वा पॅरिस, कोणत्याही कंपनीचे यंत्र असो, २३२५ म्हणजे क! पहिली वेलांटी तेथे व्यंजनानंतरच नोंदली जाते. ती आधी काढून दाखविण्याचे काम यंत्राचे. माझ्यासारख्या टंकलेखिकेला हे प्रथम उफराटे वाटले. परंतु आपण ‘कि’ म्हणताना क् आधी म्हणतो आणि इ मागाहून. उफराटे आमचे जुने यंत्रच होते.

विंडोज २००० मध्ये मराठी अशी युनिकोडाने लिहिता येऊ लागली. आपल्या मराठी विकिपीडियाचा आरंभ २००३ सालचा. मग आपण तेव्हाच का हललो नाही? एक तर आळस. दुसरे म्हणजे छापखाने. त्यांचे काम पेजमेकरवर चाले, आणि पेजमेकरला युनिकोडातील मराठी जुळविता येत नसे. त्याची शेवटची आवृत्ती २००१ साली निघाली, तरी पुढे कित्येक वर्षे आपल्याकडच्या पत्रिका आणि स्मरणिका त्यावरच जुळत राहिल्या. ‘जुन्या टंकात द्या, नाहीतर पुन्हा टंकण्याचे पैसे पडतील,’ असे छापखानेवाले सांगत. आम्ही दिले. मधल्या काळात संगणक बदलला, एक्सपी आली, २०१४ च्या एप्रिलमध्ये मायक्रोसॉफ्टने तिची देखभालही थांबविली. लॉक मात्र मागच्या खोबणीत तसेच होते.

२०१९ च्या ऑगस्टमधील पूर आपणांपैकी कोणाला सांगावयास नको. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले. गावभागातील आपली खोली बुडाली. इतिवृत्ताच्या वह्या, जुन्या स्मरणिकांचे गठ्ठे, संगणक आणि त्याच्या पाठीचे ते लॉक, सर्वांचा चिखल झाला. माझ्या घरी माडीवरच्या कपाटात एक सीडी होती, तेवढी वाचली. त्यातच माईंची आठवण होती.

पुढच्या वर्षी लॅपटॉप आला. त्याला सीडीची खाच नव्हती. ती जोडणी शेजाऱ्यांकडून आणली. फाइल उघडली, अन् पडद्यावर काय आले? इंग्रजी अक्षरे, कंस, डॉलरची चिन्हे, मध्येच एखादे फ्रेंच अक्षर. माझ्या डोळ्यांत पाणी आले, हे कबूल करते. माईंचा शब्द न् शब्द तेथे होता, आणि एकही वाचता येत नव्हता. पॅकेजच्या विक्रेत्याला दूरध्वनी केला. लॉक नाही तर जुने पॅकेज नाही, नवे विकत घ्या, असे उत्तर मिळाले. आणि नव्यातही जुन्या आवृत्तीची मांडणी उघडेलच असे त्यांना सांगता येईना.

शेवटी विश्रामबागेतील एका छापखान्यात तेच पॅकेज सापडले. जुन्या ग्राहकांच्या लग्नपत्रिकांसाठी त्यांनी एक म्हातारा संगणक जिवंत ठेवला होता. दुकान सोडून तो हलविता येत नव्हता आणि सीडीचा भाग तर केव्हाच बंद पडलेला. पण मालकांनी टंकाचा तक्ता छापून दिला, कोणत्या इंग्रजी घरात कोणता मराठी तुकडा, असा. पैसे घेतले नाहीत. तो तक्ता घेऊन आम्ही चौघीजणी दर गुरुवारी दुपारी बसू लागलो. एका रकान्यात जुने चिन्ह, दुसऱ्यात युनिकोडाचे अक्षर. माझ्या भाचीच्या मुलाने त्यावरून अदलाबदल करणारी लहानशी आज्ञावली लिहिली. वेलांटी उचलून व्यंजनापुढे नेणे आणि रफार मागे आणणे, हे त्याला मीच समजावले. ‘आजी, तुम्हांला हे कसे माहीत?’ म्हणाला. म्हटले, बाळा, पंचवीस वर्षे बोटांनी तेच केले आहे.

सगळ्याजणी खूश होत्या असे नाही. एक ज्येष्ठ भगिनी म्हणाल्या, ‘अहो, माई गेल्या, कागद गेले, आता यंत्राशी कशाला झगडता? आपल्याला आठवते तसे लिहून काढा.’ त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. पण आपल्याला आठवते ते आपले असते.

पहिल्या फेरीत पाने निघाली ती ‘दुसर्या’, ‘वार्याने’, ‘पायर्या’ अशा शब्दांनी भरलेली. चूक माझी. तक्त्यातील एक बारीक आडवा फराटा मी साधा अर्धा र समजले. तो होता आपला ‘ऱ्या’तला र, ‘बिऱ्हाडा’तला र. युनिकोडात त्यासाठी खाली टिंब असलेला निराळा र घेऊन त्याचा पाय मोडावा लागतो. आता तक्ता दुरुस्त करून आज्ञावली पुन्हा चालवावयास हवी होती. पण आम्ही घाई केली आणि चुका नजरेने वेचून हाताने सुधारल्या. सुधारलेला लेख सभेत वाचला. पहिल्या वर्धापनदिनाचे वर्णन करताना माई म्हणतात, ‘कार्यक्रम आटोपल्यावर आचार्यांना अकरा रुपये आणि नारळ दिला.’ सभेत कौतुकाची कुजबुज झाली. कोण बरे आचार्य आले असावेत? आचार्य अत्रे का? आचार्य भागवत का? अध्यक्षांनी तर स्मरणिकेत चौकट टाकावयाचे ठरविले.

मागच्या रांगेतून एक काकू उठल्या. वय शहाऐंशी. ‘अगं, आचार्य कुठले! बुंदीचा झारा घेऊन आलेला आचारी तो. अकरा रुपयांवरून माईंशी केवढा भांडला होता!’

तक्ता त्याच रात्री दुरुस्त केला. माईंची आठवण याच अंकात पुढे छापली आहे. ‘आचाऱ्यांना’ हा शब्द मी मुद्रितात तीन वेळा तपासला आहे.