कंठदोष आणि कंठसाधना : देवगिरीपासून देवधरांपर्यंत

गाणाऱ्याच्या आवाजात काय बिघडते याचा महाराष्ट्राच्या भूमीवर झालेला सर्वांत पद्धतशीर विचार तेराव्या शतकातला आहे. देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या कारकिर्दीत (1210-1247) शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा संस्कृत ग्रंथ रचला. मूळच्या काश्मिरी घराण्यातला हा ग्रंथकार यादवांच्या पदरी हिशेबखात्याचा प्रमुख होता आणि वैद्यकाचाही जाणकार होता, त्यामुळे गाण्याच्या शास्त्राला हात घालताना त्याने आरंभीच मानवी देहाची उत्पत्ती व रचना सांगितली यात नवल नाही. या ग्रंथाच्या तिसऱ्या, म्हणजे प्रकीर्णक अध्यायात गायकाचे पंचवीस दोष मोजले आहेत. दात आवळून गाणारा तो ‘संदष्ट’, भीतिदायक वाटावे इतके तोंड वासणारा ‘कराली’, उंटासारखी मान ताणणारा ‘करभ’, गाताना ज्याच्या शिरा फुगतात तो ‘झोंबक’, भोपळ्यासारखे गाल फुगवणारा ‘तुंबकी’, कावळ्यासारखा कर्कश तो ‘काकी’ आणि नाकात गाणारा ‘सानुनासिक’. यांतील बरेच दोष कानाआधी डोळ्यांना दिसतात, ही गोष्ट सहज सुटून जाण्याजोगी असली तरी महत्त्वाची आहे. जबडा, मान आणि गळ्याच्या शिरा यांवरचा अनावश्यक ताण हेच बिघाडाचे मूळ असते, आणि तोच आजचा आवाजाचा शिक्षकही पहिल्या भेटीत तपासतो. डोळे मिटून गाणे (‘निमीलक’) हाही शार्ङ्गदेवाच्या लेखी दोषच; आजच्या मैफलीत मात्र श्रोते त्यालाच तल्लीनता समजतात.

दोषांची नावे इतकी नेमकी असली तरी त्यांवरील उपायांबाबत हा ग्रंथ हात आखडता घेतो. आवाजाचे खाहुल, नाराट, बोंबक आणि मिश्रक असे चार प्रकार त्याने कफ, पित्त, वात व त्यांचे मिश्रण यांना जोडले. आणि अभ्यासावाचूनही राग व्यक्त करण्याची, देहाबरोबरच जन्मलेली जी शक्ती, तिला ‘शारीर’ हे नाव दिले. असे उत्तम शारीर विद्यादान, तप, शिवभक्ती किंवा थोर भाग्य यांमुळे लाभते, असे त्याचे म्हणणे. वैद्यकाच्या जाणकाराने दैवाचा आधार घ्यावा हे आज खटकेल. परंतु आवाज मुळात मिळालेला असतो आणि शिक्षणाने तो केवळ घडवता येतो, ही समजूत नंतरही शतकानुशतके टिकली.

घडवण्याची ती विद्या ग्रंथात नव्हे, तर गुरूच्या कानात राहिली. तिचा गाभा म्हणजे खर्ज भरणे. खर्ज हे षड्जाचे बोलीतले रूप असून, पहाटे मंद्र सप्तकातल्या, म्हणजे सर्वांत खालच्या सप्तकातल्या स्वरांवर ‘आ’काराने दीर्घकाळ स्थिर राहायचे, अशी ही मेहनत असते. खालच्या स्वरात स्वरतंतू सैल व जाड असतात, श्वास हलक्या हाताने वापरावा लागतो आणि त्यातून दमसास, म्हणजे एका श्वासात गाण्याची ताकद वाढते, हे तिच्यामागचे कारण म्हणता येईल. मात्र ज्याचा आवाज मुळातच पातळ वा उंच आहे, त्याला जबरीने खर्जात ढकलले तर आवाज दबतो, आणि सरसकट सर्वांना एकच औषध देणाऱ्या शिक्षणात हा धोका कायम राहिला. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (1849-1926) यांनी ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजवली. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून संगीत वर्गात आणले, तेव्हा हा धोका अधिकच ठळक झाला. गुरूसमोर बसलेल्या एका शिष्याची पट्टी गुरू सहज ठरवू शकतो. एकाच पेटीवर गाणाऱ्या वर्गातल्या दहा मुलांची पट्टी मात्र दहा प्रकारची असते.

पट्टी म्हणजे गायक ज्या स्वराला षड्ज मानतो ती उंची. पेटीच्या पट्ट्यांवरून तिला ‘काळी एक’, ‘काळी चार’ अशी नावे पडली, आणि साधारणपणे पुरुष काळी एकच्या आसपास, तर स्त्रिया काळी चार-पाचच्या आसपास गातात. या पट्टीवर सर्वांत मोठा ताण आणला तो संगीत नाटकाने. 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ पुण्यात रंगभूमीवर आले, तेव्हा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचवणारे कोणतेही यंत्र नव्हते. स्त्रीभूमिका पुरुषच करीत, त्यामुळे उंच पट्टीतला, टिपेला सहज पोचणारा पल्लेदार आवाज हे नाटक मंडळीचे भांडवल ठरले. भाऊराव कोल्हटकर (1863-1901) आणि पुढे केशवराव भोसले (1890-1921) यांची कीर्ती अशाच आवाजांवर उभी होती. कोवळ्या वयात मंडळीत आलेल्या मुलांची खरी परीक्षा कंठ फुटताना होई. या वयात स्वरयंत्र वाढते, स्वरतंतू लांब होतात आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. या काळात गळ्याला विश्रांती हवी असते, पण रोजच्या खेळांच्या व्यवहारात ती परवडणारी नव्हती. या मागणीने किती गळे अकाली खराब केले असतील याची नोंद कुणी ठेवली नाही, कारण इतिहास टिकलेल्या आवाजांचाच लिहिला गेला.

आवाज बिघडल्यावर काय करायचे याचे उत्तर मात्र थोर गायकांनी औषधापेक्षा गायकीतच शोधले. अल्लादियाखाँ (1855-1946) आमलेता संस्थानात असताना अतिश्रमाने त्यांचा आवाज बसला आणि पूर्वीचा कधी परत आला नाही. उरलेल्या आवाजाला पेलेल अशी वळणदार, लयीत गुंतलेली स्वररचना त्यांनी उभारली, आणि पुढे कोल्हापूरच्या आश्रयाने तीच जयपूर-अत्रौली गायकी म्हणून नावारूपाला आली. अब्दुल करीमखाँ यांचे शिष्य सवाई गंधर्व (1886-1952) यांचा गळाही जात्या गोड नव्हता. कठोर मेहनतीने तो वळवावा लागला, आणि किराणा घराण्याची सावकाश, स्वर भरून घेण्याची रीत त्या गळ्याच्या कामी आली.

स्वरयंत्र प्रत्यक्ष पाहण्याची वाट मात्र युरोपात, तीही एका गायनशिक्षकानेच उघडली. मॅन्युएल गार्सिया या स्पॅनिश गुरूने 1854 मध्ये दंतवैद्याचा आरसा आणि सूर्यप्रकाश वापरून स्वतःचे स्वरतंतू हलताना पाहिले. हे नवे शरीरज्ञान आणि घराण्यांची मेहनत यांची मराठीत सांगड घालण्याचा मोठा प्रयत्न मिरजेच्या प्रा. बी. आर. देवधर (1901-1990) यांनी केला. पलुस्करांचे शिष्य असूनही त्यांनी पाश्चात्त्य संगीताचा अभ्यास केला, मुंबईत 1925 मध्ये संगीतशाळा काढली आणि श्वास, पट्टी, उच्चार व स्वरयंत्र यांचा विचार करणाऱ्या आवाजसाधनेचा पुरस्कार केला. अशोक रानडे यांनी ती विद्या त्यांच्याकडूनच पुढे नेली.

याच शाळेत 1930 च्या दशकात शिकलेले कुमार गंधर्व क्षयाने 1947-48 च्या सुमारास अंथरुणाला खिळले आणि जवळजवळ सहा वर्षे त्यांना गाण्याची बंदी होती. एक फुप्फुस जवळपास निकामी झालेल्या या गायकाने 1953 मध्ये पुन्हा गायला सुरुवात केली ती लांब आलापांच्या जागी छोटे, तुटक, श्वासाच्या मापात बसणारे स्वरसमूह घेऊन.