मोटार-सायकलीवरील वीज : ठिणगीपासून फ्यूजपर्यंत

१८८५ सालीं जर्मनींत गॉटलीब डाइमलर व विल्हेल्म मायबाख यांनीं पेट्रोलवर चालणारी दुचाकी सिद्ध केली, तेव्हां तिच्या अंगावर विजेची एकही तार नव्हती. एंजिनांतील मिश्रण पेटे तें तापवून लाल केलेल्या नळीनें. पुढें विजेनें या वाहनांत प्रवेश केला तो उजेडाकरितां नव्हे, ठिणगीकरितां. १९०२ सालीं रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यांतील गोटलोब होनोल्ड यांनीं उच्च दाबाचा मॅग्नेटो तयार केला, आणि बॅटरीवांचूनही एंजिनाला खात्रीची ठिणगी मिळूं लागली.

रात्रीच्या वाटेवर मात्र कार्बाइडचाच दिवा होता. कार्बाइडवर थेंब थेंब पाणी पडून जो वायु निघे, तो जळे. हा दिवा मोठा कटकटीचा खरा. परंतु त्याच्यांत एक गुण होता. तो बिघडला तर त्याचा दोष त्याच्यापुरताच राही.

१९१४ सालीं अमेरिकेंतील 'इंडियन' कंपनीनें विजेनें सुरू होणारी 'हेंडी स्पेशल' विक्रीस आणली. तत्कालीन बॅटऱ्यांस तो भार सोसला नाहीं व ती गाडी लौकरच मागें घ्यावी लागली. तथापि १९१५ सालीं हार्ले-डेव्हिडसननें विजेचे दिवे दिले, आणि वीज दुचाकीवर कायमची वस्तीस आली.

तिच्याबरोबर नवें संकटही आलें. तार वांचविण्यासाठीं बॅटरीचें एक टोंक गाडीच्या लोखंडी सांगाड्यास जोडण्याची रीत पडली. दिव्याकडे एकच तार जाई व प्रवाह सांगाड्यांतून परते. सोय उत्तम, पण हॅंडल वळतांना घासून तारेवरील आवरण झिजलें व उघडी तार सांगाड्यास टेकली, कीं सारा प्रवाह त्या आडवाटेनें धांवे. तार क्षणांत लाल होई, आणि वर पेट्रोलची टाकी!

शिवाय प्रवाह जितका मोठा, तितका ताप अधिक. ६० वॉटच्या दिव्यास ६ व्होल्टवर १० अँपिअर लागतात, १२ व्होल्टवर ५ च. तारेंतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. म्हणजे त्याच तारेंत ती ६ व्होल्टवर चौपट. १९६५ च्या हार्ले 'इलेक्ट्रा ग्लाइड'नें व १९६९ च्या होंडा 'सीबी ७५०'नें १२ व्होल्ट स्वीकारले, यांतील एक लाभ हाच होय.

अशा तारेचा रक्षक म्हणजे फ्यूज. तो दिव्याचें रक्षण करतो असा समज आहे. वस्तुतः तो तारेचें करतो. म्हणून त्याची जागा बॅटरीजवळ, आणि त्याचें माप तारेच्या शक्तीप्रमाणें. वितळलेल्या फ्यूजवर चंदेरी कागद गुंडाळणें म्हणजे पहारेकऱ्यास बांधून दार उघडें टाकणें होय. परंतु साऱ्या गाडीस एकच फ्यूज असला, तर भोंग्याची तार टेकतांच दिवाही विझे, आणि भर वेगांत स्वार अंधारांत पडे. आग टळली, पण प्राणसंकट टळलें नाहीं!

याच अनुभवांतून पुढें प्रत्येक शाखेस स्वतंत्र फ्यूज आला. आज कोणी जादा दिवे, तापणाऱ्या मुठी किंवा टेलिफोन भरण्याचें साधन जोडतो, तेव्हां त्यानें हाच धडा गिरवावा : मूळ दिव्याच्या तारेस नवें ओझें न लावतां बॅटरीपासून निराळी, पुरेशी जाड तार न्यावी, तिच्या आरंभींच फ्यूज घालावा, मोठा प्रवाह बटनांतून न नेतां रिलेकडे सोंपवावा, आणि हॅंडलपाशीं तारेस मोकळीक ठेवावी. एकाचा दोष एकापुरताच राहावा, हा कार्बाइडच्या दिव्याचा गुण विजेच्या दिव्यास असा अर्धशतकानंतर लाभला.