कृष्णाकाठची संगीतसभा : मिरज दर्ग्याच्या उरुसाचा सांगीतिक इतिहास

दक्षिण महाराष्ट्रातील संगीताचा इतिहास लिहिताना संस्थानिकांचे दरबार आणि नाटक मंडळ्या यांना बहुधा अग्रस्थान दिले जाते. गायकांना आश्रय कोणी दिला याचा शोध पुष्कळ घेतला गेला. गाणे कोठे बसून ऐकले गेले, याचा विचार त्या मानाने कमी झाला. या दृष्टीने मिरज येथील ख्वाजा शमना मीरासाहेब यांच्या दर्ग्याचे आवार अभ्यासण्याजोगे आहे.

सांगलीपासून कुरुंदवाडपर्यंतचा कृष्णेचा काठ म्हणजे काळी कसदार जमीन, ऊसमळे आणि दगडी घाट. नरसोबाच्या वाडीस पंचगंगा कृष्णेला मिळते. संगमावरील दत्तस्थानात मूर्ती नाही, पादुका आहेत. पावसाळ्यात नदी मंदिरात शिरते तेव्हा भाविक तोही सोहळा मानतात. या पट्ट्यात पटवर्धन घराण्याची संस्थाने वसली आणि त्यांच्या आश्रयाने कीर्तनकार, गवई यांची ये-जा वाढली. विष्णु दिगंबर पलुस्कर यांचा जन्म १८७२ मध्ये कुरुंदवाडचा. बालपणी दत्तजयंतीच्या उत्सवात शोभेच्या दारूने त्यांच्या दृष्टीस इजा झाली आणि शालेय शिक्षण खुंटले. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेर गायकी शिकवीत होते. पलुस्कर त्यांच्याकडे गेले. त्याच पिढीतील रामकृष्णबुवा वझे (जन्म १८७१) यांचे बालपण कागल येथे गेले. कागलला जहागीर होती, दूधगंगेचा काठ होता. पण वझेबुवांना विद्येसाठी घर सोडून ग्वाल्हेरपर्यंत वणवण करावी लागली. नदीकाठ आणि राजाश्रय एवढ्यानेच संगीताचे केंद्र उभे राहत नाही, हे या दोन चरित्रांवरून ध्यानात येते.

मिरजेस आणखी दोन गोष्टी लाभल्या. पहिली लोहमार्ग. १८९१ मध्ये कोल्हापूर–मिरज रेल्वे सुरू झाली, आणि पुणे व धारवाड या दोन्ही दिशांच्या गवयांना मिरज हे वाटेवरचे जंक्शन ठरले. दुसरी गोष्ट वाद्यनिर्मितीची. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार कारागिरांनी, शस्त्रांची मागणी ओसरल्यावर, एकोणिसाव्या शतकात सतार व तंबोरा घडविण्यास प्रारंभ केला. फरीदसाहेब सतारमेकर यांचे नाव या परंपरेच्या आरंभी घेतले जाते. तंबोऱ्याचा भोपळा मात्र मिरजेचा नव्हे. तो पंढरपूर परिसरातील भीमाकाठच्या मळ्यांतून येतो. कृष्णाकाठच्या स्वरामागे भीमेच्या गाळाचाही असा वाटा आहे.

अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) हे मूळचे कैरान्याचे. मिरजेत प्लेगने आजारी पडले असता दर्ग्यात प्रार्थना करून त्यांना गुण आला, अशी परंपरा सांगितली जाते. ही कथा इतिहासाच्या कसोटीवर सिद्ध करणे कठीण असले तरी तिचा परिणाम नि:संशय आहे: खाँसाहेबांनी मिरज आपले गाव मानले आणि उरुसात पीरापुढे गाणे ही आपली सेवा मानली. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासनजीक सिंगपेरुमलकोइल या स्थानकावर त्यांचे निधन झाले. दफन मिरजेस, दर्ग्याच्या आवारात झाले. त्यानंतर उरुसातील संगीतसभा त्यांच्या स्मरणार्थ भरू लागली. त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर यांचा तिच्याशी दीर्घकाळ संबंध राहिला.

या सभेला नाट्यगृह नाही. चिंचेच्या झाडाखाली गायक बसतो, समोर श्रोते. तिकीट नसते आणि गाण्यास 'हजेरी' म्हणतात, कार्यक्रम नव्हे. शब्दाचा हा भेद किरकोळ वाटेल, परंतु सभेचे सारे स्वरूप त्यात आहे. हजेरी लावणारा बिदागी मागत नाही. ऐकणाऱ्यास रसिकत्वाचा दाखला द्यावा लागत नाही. याच उरुसात मानाचा पहिला गलेफ चर्मकार समाजाचा असतो. दरबारात कोणी कोठे बसावे हे ठरलेले असे. येथील क्रम वेगळ्या न्यायाने लागला आहे.

इंग्लंडमध्ये सफक परगण्यात, आल्ड नदीच्या दलदलीकाठी, स्नेप येथील बंद पडलेल्या माल्ट-कोठाराचे १९६७ मध्ये संगीतगृह झाले. संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ही वास्तू १९६९ मध्ये महोत्सवाच्या पहिल्याच रात्री जळाली आणि वर्षभरात पुन्हा बांधली गेली. तेथे उत्सवाला छप्पर आवश्यक होते. मिरजेच्या सभेस छप्पर नाही, म्हणून ते गमावण्याचा प्रश्नही आला नाही. मार्च १९४८ मध्ये दक्षिणेतील संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली आणि दरबारी नेमणुका संपल्या. उरुसाची सभा त्या नेमणुकांवर अवलंबून नसल्याने चालू राहिली.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकन वाद्याला मिळते, चिंचेखालच्या हजेरीला मिळत नाही. आणि ज्या गल्लीत हे तंबोरे घडतात, तेथील कारागीर अजूनही भोपळ्यासाठी भीमाकाठाकडेच पाहतात.