धुराड्याच्या बुंध्याशी शिशाची पट्टी

उतरत्या छपराच्या मधोमध पाऊस सहसा आत शिरत नाही. तो शिरतो सांध्यातून. छप्पर जिथे धुराड्याला, शेजारच्या उंच भिंतीला किंवा पोटमाळ्याच्या खिडकीला येऊन टेकते, तिथे कौले संपतात आणि वीटकाम सुरू होते. या दोहोंमधली फट झाकण्यासाठी ब्रिटनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या शिशाचा पत्रा वापरला जात आला आहे. या पट्टीला ‘फ्लॅशिंग’ म्हणतात. नोकरी-व्यवसायानिमित्त तिकडे स्थायिक होऊन व्हिक्टोरियन काळातील जुनी घरे विकत घेणाऱ्या मराठी कुटुंबांना या शब्दाची ओळख बहुधा पहिल्याच हिवाळ्यात होते. छताच्या कोपऱ्यात पिवळसर डाग उमटतो आणि ‘फ्लॅशिंग बदलावे लागेल’ असे कारागीर सांगून जातो.

शिशाची निवड उगाच झालेली नाही. ते गंजून झडत नाही आणि इतके मऊ असते की लाकडी मोगरीने ठोकून कौलांच्या वळणावर हुबेहूब बसवता येते. बाथ शहरातील रोमन स्नानकुंडाच्या तळाशी अंथरलेले शिशाचे पत्रे आजही तिथे आहेत. आपण नळ दुरुस्त करणाऱ्याला ‘प्लंबर’ म्हणतो, तो शब्दही शिशाच्या लॅटिन नावावरून, ‘प्लंबम’वरून आला आहे. ब्रिटनमध्ये पत्र्याची जाडी ‘कोड’ने सांगतात. एक चौरस फूट पत्र्याचे वजन जितके पौंड, तितका त्याचा कोड, असा हा जुना हिशेब आहे. कोड ३ म्हणजे १.३२ मिलिमीटर, कोड ४ म्हणजे १.८० आणि कोड ५ म्हणजे २.२४ मिलिमीटर. गुंडाळीवरील खुणेचा रंगही ठरलेला असतो : अनुक्रमे हिरवा, निळा आणि तांबडा. घरगुती छपराच्या उघड्या पट्ट्यांसाठी साधारणपणे कोड ४ किंवा ५ वापरतात. कोड ४ चा एक चौरस मीटर पत्रा २० किलोंहून थोडा अधिक भरतो.

सांध्याची रचना

धुराड्याभोवतीची पट्टी एकसंध नसते. पुढच्या, म्हणजे उताराच्या बाजूला कौलांवर उतरणारी झालर असते. दोन्ही कडांना विटांच्या थरांबरोबर पायरीपायरीने चढत जाणारी पट्टी असते. मागच्या बाजूला वरून येणारे पाणी अडून राहू नये म्हणून छोटी पन्हळ केलेली असते. छप्पर पातळ स्लेटचे असेल, तर कडेच्या प्रत्येक स्लेटखाली कोड ३ चा एकेक तुकडा भिंतीशी काटकोनात दुमडून बसवतात. हे तुकडे वरून दिसत नाहीत, पण पायरीपट्टी चुकवून आत आलेले पाणी तेच बाहेर काढतात. काम पुढच्या झालरीपासून सुरू होते, मग कडा आणि शेवटी मागची पन्हळ. कारण नियम एकच : वरच्याने खालच्याला झाकायचे. पावसाळ्याआधी कोकणात कौले चाळणाऱ्या माणसाला हे वेगळे शिकवावे लागणार नाही.

भिंतीकडची कड विटांच्या दर्जेत शिरवावी लागते. जुना चुना वा सिमेंट किमान २५ मिलिमीटर खोल खरवडून काढायचे, पट्टीची कड दुमडून आत सारायची, शिशाच्याच गुंडाळलेल्या पाचरी ठोकून ती घट्ट करायची आणि मग दर्जा भरायची. पाचरींमधले अंतर ४५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावे. झालर कौलांवर किमान १५० मिलिमीटर उतरलेली असावी आणि दोन तुकडे एकमेकांवर किमान १०० मिलिमीटर चढलेले असावेत.

दीड मीटरची मर्यादा

एवढे सगळे नेटके करूनही काही वर्षांत पट्टी फाटते, तेव्हा दोष बहुधा लांबीत असतो. शिसे उन्हाने लोखंडाच्या दुपटीहून अधिक प्रसरण पावते. तीन मीटरचा सलग तुकडा तापमानात ५० अंशांचा फरक पडला की चार मिलिमीटरहून अधिक लांबतो आणि रात्री पुन्हा आखडतो. काळसर छपरावर एवढा फरक पडणे अवघड नाही. दोन्ही टोके जखडलेली असतील, तर पत्रा मध्ये फुगतो, त्याला घडी पडते आणि त्याच घडीवर रोज ताण येऊन अखेर तिथे चीर जाते. म्हणून पट्टीचा एक तुकडा १.५ मीटरपेक्षा लांब नसावा, असा या धंद्यातला दंडक आहे. घाई असलेला कारागीर मात्र गुंडाळी उलगडतो आणि भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच पट्टी चढवतो. सांधा नाही म्हणजे गळती नाही, हे ग्राहकालाही पटते. प्रत्यक्षात नेमके उलटे घडते. शिशाला हलायला जागा ठेवली तर ते शंभर वर्षे टिकते. तीच जागा नाकारली, तर जाड पत्राही वाचत नाही.

दर्जेत भरलेले कडक सिमेंटही याच हालचालीने सुटून पडते. त्यामुळे अलीकडे शिशासाठी खास बनवलेले लवचिक सीलंट भरण्याची पद्धत रूढ झाली आहे. पुरातन वास्तूंत मात्र चुन्यालाच पसंती मिळते. अनेक जुन्या घरांत शिशाचा खर्च वाचवून या सांध्यावर नुसताच सिमेंटचा तिरपा लेप दिलेला आढळतो. मुंबई-पुण्यात गच्ची आणि कठड्याच्या कोनात गवंडी सिमेंटचा वाटा मारतो, त्याचाच हा भाऊबंद. छप्पर आणि भिंत वेगवेगळ्या गतीने हलतात आणि लेपाला केसासारखी भेग पडते. पाणी तिथून आत जाते.

आधी निदान

डाग दिसला म्हणून पट्टी बदलायची, हे घाईचे ठरते. पाणी वाशावरून घरंगळत जाऊन भलतीकडेच टपकते. धुराड्याचा माथा उघडा असणे, विटांच्या दर्जा झिजणे, वापरात नसलेल्या धुराड्यात हवा न खेळणे, ही कारणेही तितकीच संभवतात. कोळशाच्या धुराने वर्षानुवर्षे भिंतीत मुरलेले क्षार दमट हवेतला ओलावा शोषून घेतात. पाऊस नसतानाही डाग गडद होत असेल, तर दोष छपराचा नसण्याचीच शक्यता अधिक. पट्टी नुसतीच दर्जेतून सुटली असेल, तर नव्या पाचरी आणि नवे सीलंट पुरे. पत्र्यालाच चीर गेली असेल, तर वर चिकटपट्टी लावणे म्हणजे दिवस ढकलणे. अशा वेळी तो तुकडा काढून योग्य मापाचे दोन तुकडे बसवावेत. धुराड्यापर्यंत पोहोचण्यासाठी लागणारी परांची कित्येकदा शिशापेक्षा महाग पडते. ती एकदा उभारली की वरची बाकीची दुरुस्तीही उरकून घ्यावी.

नव्या पट्टीला त्याच दिवशी खास तेलाचा हात द्यावा लागतो. तो राहिला तर पहिल्याच पावसात शिशावर पांढरा थर धरतो आणि त्याचे ओघळ खालच्या कौलांवर उतरतात. छपराला त्याने धोका नसतो, पण घर मात्र विद्रूप दिसते.

शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. त्याचे तुकडे जोडण्यासाठी ज्योत लागते, आणि खरा धोका तिथे आहे. इंग्लंडच्या ससेक्स परगण्यातील अपपार्क ही ऐतिहासिक हवेली ३० ऑगस्ट १९८९ रोजी जळाली. छपरावरील शिशाची दुरुस्ती चालू असताना ज्योतीने पेट घेतल्याने ही आग लागली होती. काम संपायला अवघे दोन दिवस उरले होते. आतील बऱ्याच मौल्यवान वस्तू वाचल्या, मात्र हवेली पुन्हा खुली व्हायला १९९५ साल उजाडले. जुन्या लाकडी वाशांवर ज्योत चालवण्यापेक्षा जोडकाम खाली जमिनीवर करून तयार तुकडा वर न्यावा, हे शहाणपणाचे. शिसे विषारी असल्याने हातमोजे वापरणे आणि हात धुतल्याशिवाय काही न खाणे हेही आलेच. तेथील कामगारांसाठी याबाबत २००२ ची स्वतंत्र नियमावली आहे.

शेजारी आणि भंगार

एकमेकांना चिकटलेल्या घरांत आणखी एक पेच असतो. इंग्लंड आणि वेल्समधील १९९६ च्या सामाईक भिंत कायद्यात फ्लॅशिंगचा चक्क नावानिशी उल्लेख आहे. शेजाऱ्याच्या भिंतीत खाच पाडून पट्टी बसवण्याचा हक्क हा कायदा देतो, पण त्यासाठी दोन महिने आधी लेखी सूचना द्यावी लागते. संरक्षित यादीतील घर असेल, तर शिशाऐवजी दुसरा पदार्थ वापरण्यापूर्वी स्थानिक प्रशासनाची परवानगी घ्यावी लागू शकते.

उतरवलेल्या जुन्या शिशालाही किंमत असते. ते वितळवून पुन्हा पत्रा करता येतो. त्याच किमतीपायी चर्चच्या छपरांवरून शिशाची चोरी होते. इंग्लंड-वेल्समध्ये २०१३ च्या भंगार व्यवसाय कायद्याने भंगार धातूचे पैसे रोखीने देण्यास मनाई केली आहे. काम सोपवताना जुने शिसे कोणाचे, घरमालकाचे की कारागिराचे, हे अंदाजपत्रकातच लिहून घ्यावे.