दोन विमानतळांमधलं अंतर कोण ठरवतं?

आज एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. फिनलंडमधल्या हेलसिंकीपासून जपानमधलं टोकियो किती लांब? पृथ्वीगोलावर दोरा ताणून मोजलं तर सुमारे ७,८०० किलोमीटर. भिंतीवरच्या सपाट नकाशात टोकियो आग्नेयेला दिसतं. पण गोलावरचा दोरा बघा, तो आधी ईशान्येला चढतो आणि सैबेरियावरून खाली उतरतो. म्हणजे सर्वांत जवळची वाट रशियाच्या आकाशातून जाते.

आता आकाश कुणाचं? १९४४ च्या शिकागो कराराने मान्य केलं की आपल्या भूमीवरच्या आकाशावर प्रत्येक राष्ट्राची संपूर्ण सत्ता आहे. शीतयुद्धात सैबेरियाची वाट पाश्चात्त्य विमानांना सहजी मिळत नसे. मिळालीच तर मॉस्कोच्या अटींवर. म्हणून १९५७ मध्ये स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सने कोपनहेगन ते टोकियो हा मार्ग उत्तर ध्रुवाकडून, अलास्कातल्या अँकरेजला थांबून सुरू केला. १९८३ मध्ये फिनएअरचं डीसी-१० विमान हेलसिंकीहून ध्रुवावरून, कुठेही न थांबता टोकियोला जाऊ लागलं. प्रवास सुमारे १३ तासांचा.

पुढे शीतयुद्ध संपलं, सैबेरियाची वाट खुली झाली आणि हाच प्रवास साडेनऊ तासांच्या आसपास आला. मग फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केलं. युरोपीय संघाने रशियन विमानांना आपलं आकाश बंद केलं, रशियानेही तसंच उत्तर दिलं. फिनएअरची विमानं पुन्हा ध्रुवाकडे वळली आणि प्रवास पुन्हा सुमारे १३ तासांचा झाला.

गंमत बघा. चाळीस वर्षांत विमानं सुधारली, इंजिनं सुधारली, किलोमीटर तर तेवढेच राहिले. आणि घड्याळ मात्र फिरून १९८३ वर आलं! तेव्हा अंतर ही निव्वळ भूमितीची गोष्ट नाही, असं आपल्याला म्हणावं लागतं. दोन गावं किती जवळ आहेत, हे मधली माणसं एकमेकांशी कशी वागतात त्यावरही ठरतं.

इमॅन्युएल कांटने १७९५ मध्ये शाश्वत शांततेवरच्या निबंधात हाच धागा पकडला होता. पृथ्वी गोल आहे, माणसं तिच्यावर अनंतापर्यंत पांगू शकत नाहीत, म्हणून त्यांना एकमेकांना सहन करावंच लागतं. आणि परक्या भूमीवर आलेल्या पाहुण्याला केवळ आला म्हणून शत्रू मानू नये, असा त्याचा युक्तिवाद. त्याचं कोनिग्जबर्ग आज कालिनिनग्राड या नावाने रशियातच आहे.

हे आपल्यापासून दूरचं नाही बरं का. २०१९ मध्ये पाकिस्तानने काही महिने आपलं आकाश बंद ठेवलं, तेव्हा दिल्लीहून युरोपला निघालेली विमानं दक्षिणेकडे उतरून अरबी समुद्रावरून वळसा घालत होती. तेव्हा तिकिटावर तासांचा आकडा वाचताना आपण एवढं ध्यानात ठेवू: त्यात वाऱ्याचा आणि इंजिनाचा हिशेब असतो, तसा शेजारधर्माचाही असतो.