रकान्याची रुंदी

बँकेत बावीस वर्षे काढलेल्या माणसाला जगाचा इतिहास राजांवरून कळत नाही, रकान्यांवरून कळतो. आमच्या रेकॉर्ड रूममध्ये जुनी लेजरे आहेत. लाल कापडी पुठ्ठा, आत निळ्या-तांबड्या रेघा. त्यांतल्या रकमेच्या रकान्यात पाच आकडे ऐसपैस बसतात, सहावा अंग चोरून बसतो आणि सातवा सरळ शेजारच्या 'तपशील' रकान्यात पाय पसरतो. ज्या कोणी तो रकाना आखला त्याला मी कधी नावे ठेवीत नाही. त्याच्या काळी सात आकडी शिल्लक असलेला इसम आला की मॅनेजर स्वतः उठून उभे राहत. मग लेजरला थोडी अडचण झाली, तर बिघडलं कुठे?

हार्ड डिस्कचा इतिहास हाही असाच रकान्यांचा इतिहास आहे. आता मी पडलो बी. कॉम. कॉम्प्युटर बिघडला की 'बंद करून परत चालू करा' असे गंभीर चेहऱ्याने सांगणे, इथवरच माझा अधिकार. पण वाईला माझ्या मावसभावाकडे एक प्रसंग उभा राहिला, आणि मला हा सगळा इतिहास मुळापासून वाचावा लागला.

दादाकडे एक जुना कॉम्प्युटर आहे. त्यात विंडोज एक्सपी. मावशी जाऊन बरीच वर्षे झाली, पण तिने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या दादाने कॅसेटवरून त्या कॉम्प्युटरात उतरवून ठेवल्या होत्या. पुढे कॅसेटींना बुरशी लागली. म्हणजे मावशीचा आवाज आता जगात एकाच ठिकाणी उरला होता, आणि ते ठिकाण 'कट् कट्' असा आवाज करू लागले होते. दादाने घाईघाईने चार टेराबाइटची नवी कोरी बाहेरची हार्ड डिस्क आणली, जोडली, दिवा लागला, आणि पडद्यावर काही म्हणजे काही आले नाही.

"अरे, कसलीशी डिस्क मॅनेजमेंट म्हणून आहे, तिथे दिसतेय," दादा फोनवर म्हणाला. "पण 'प्रोटेक्टिव्ह' असं काहीतरी लिहिलंय. पुसून टाकू का सगळं?"

"दादा, तुला मावशीची शपथ आहे," मी म्हणालो, "कशालाही हात लावू नकोस. मी वाचून सांगतो."

तर ऐका. १९५६ साली आय.बी.एम.ने पहिली हार्ड डिस्क काढली, ती कपाटाएवढी होती. दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या, वजन टनाच्या घरात, आणि मावायची अक्षरे पन्नास लाख. आज मोबाइलवर काढलेला एखादा फोटो तिच्यात मावला तर नशीब! १९८३ साली घरगुती आकाराच्या कॉम्प्युटरात दहा मेगाबाइटची डिस्क आली, तेव्हा लोकांना वाटले, आता कशाने भरायची ही?

डिस्कवर ५१२ बाइटांचे खण असतात. त्यांना सेक्टर म्हणतात. त्या काळच्या डॉसच्या वहीत एका विभागाच्या खणांची संख्या लिहायला सोळा घरांचा रकाना होता. त्यात ६५,५३६ पर्यंतच मोजता येई. ६५,५३६ गुणिले ५१२, बरोबर ३,३५,५४,४३२ बाइट. झाले बत्तीस मेगाबाइट. चाळीस मेगाबाइटची डिस्क आणली तर बत्तीस एकीकडे, आठ दुसरीकडे, अशी भावाभावांसारखी वाटणी करावी लागे. १९८८ च्या डॉस ४.० मध्ये हा रकाना रुंद झाला.

पुढची गंमत तर आमच्या हेड ऑफिसात शोभावी अशी. डिस्कवरचा पत्ता तीन आकड्यांत लिहीत. त्याचा एक फॉर्म बायॉसचा आणि एक खुद्द डिस्कचा. बायॉसच्या फॉर्मात पहिला रकाना अरुंद, १०२४ पर्यंतचा. डिस्कच्या फॉर्मात दुसरा रकाना अरुंद, सोळापर्यंतचा. दोन खात्यांनी मिळून काम करायचे, तर प्रत्येक ठिकाणी अरुंद तोच रकाना लागू! एकटा बायॉस ८४५ कोटी बाइट सांभाळू शकला असता. दोघांची संयुक्त समिती झाल्यावर क्षमता आली ५२,८४,८२,३०४ वर. समितीने कामाचा उरक कमी होतो, हे सिद्ध करायला याहून चांगले गणित मला अजून सापडलेले नाही.

मग अठ्ठावीस घरांचा रकाना आला. तो १३७ गिगाबाइटला भरला. २००१ सालची मूळ एक्सपी तेवढेच ओळखायची, २००२ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकने तिचे डोळे उघडले. आणि सगळ्यांत चिवट निघाला तो १९८३ च्या डॉस २.० मधला, डिस्कच्या वाटण्या नोंदवणारा बत्तीस घरांचा रकाना. त्याची मर्यादा २,१९,९०२ कोटी बाइट, म्हणजे सुमारे २.२ टेराबाइट. त्या काळच्या डिस्कच्या दोन लाख पटींहून जास्त! ज्याने तो आखला त्या माणसाला मी मनोमन नमस्कार करतो. २०१० मध्ये तीन टेराबाइटच्या डिस्का बाजारात येईपर्यंत सत्तावीस वर्षे तो रकाना पुरला.

त्याच्या जागी चौसष्ट घरांची नवी वही आली. तिला जी.पी.टी. म्हणतात. ही वही बत्तीस बिटांच्या एक्सपीला वाचता येत नाही. पण नव्या वहीचे पहिले पान मुद्दाम जुन्या पद्धतीने लिहिलेले असते. त्यावर एवढेच: 'ही सगळी जागा भरलेली आहे, कृपया हात लावू नये.' वाड्याचे मालक मुंबईला गेले की दारावर पाटी लावतात ना, तशी. दादाला दिसली ती हीच पाटी.

बाहेरच्या डिस्का करणाऱ्यांतल्या काहींनी मध्यंतरी एक युक्ती काढली होती. रकाना तोच ठेवायचा, पण खण ५१२ च्या जागी ४०९६ बाइटांचा आहे असे सांगायचे. बँकवाल्याला हे लगेच कळेल. ताळेबंदाच्या डोक्यावर आपण 'आकडे हजारांत' असे लिहितो, तोच प्रकार. त्यामुळे त्याच जुन्या रकान्यात आठपट जागा मावली आणि एक्सपी खूष झाली. मात्र डिस्क डबीतून काढून थेट जोडली की डोक्यावरची ती ओळच फाटायची, आणि सगळा हिशेब निरर्थक व्हायचा.

डिस्कबरोबर कॉपी करण्याचे एक सॉफ्टवेअर होते. तेही एक्सपीने नाकारले. दादाला वाटले सॉफ्टवेअर बिघडले. छे हो! नव्या सॉफ्टवेअरच्या अर्जातसुद्धा एक रकाना असतो: किमान आवृत्ती. तिथे बहुधा ६.० असते, म्हणजे विंडोज व्हिस्टा. एक्सपी पडली ५.१. मग ती 'वयात बसत नाही' असे प्रांजळपणे न सांगता 'हा वैध प्रोग्रॅमच नाही' असे म्हणते. वयाचा विषय निघाला की आमच्याकडचे वडीलधारेही असेच काहीतरी बोलतात.

एका गोष्टीचे मात्र मला कौतुक वाटले. नवी डिस्क जुन्या भोकात बसली कशी? २००८ साली यू.एस.बी. ३.० आली तेव्हा नव्या पाच तारा वेगळ्या ठेवल्या आणि जुन्या चार होत्या तिथेच राहू दिल्या. वेग जुनाच मिळतो, वीज कधी कमी पडते, पण निदान दार तरी उघडते. नवी सून घरात येते तेव्हा जुन्या चार रीती तशाच राहू देते, त्यातला हा शहाणपणा.

आता उपाय. दोन पिढ्यांचे पटत नसेल तर मध्ये दोघांची भाषा येणारे कोणीतरी बसवावे लागते. असा मध्यस्थ म्हणजे १९९६ सालची फॅट ३२ ही पद्धत. एक्सपीही ती वाचते आणि आजचा लॅपटॉपही. एक फाइल चार गिगाबाइटच्या आतच हवी, एवढी तिची अट, आणि ओव्या कुठे एवढ्या मोठ्या? दादाच्या मुलीचा सोळा गिगाबाइटचा जुना पेन ड्राइव्ह निघाला. तिच्या तीन खेपा झाल्या. एक्सपीतून पेन ड्राइव्हवर, तिथून लॅपटॉपवर, लॅपटॉपवरून चार टेराबाइटच्या महालात. शेवटची फाइल उतरली तेव्हा दादाने फोन जात्याच्या आवाजाजवळ धरला. दोघेही बराच वेळ काही बोललो नाही.

एक्सपीला हसणाऱ्यांना एक सांगतो. मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला तिची देखभाल थांबवली. तरी आपल्या देशातली बरीच ए.टी.एम. तिच्यावर चालत राहिली. शेवटी जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने तंबी दिली: सप्टेंबरपर्यंत निदान पाव यंत्रे बदला, डिसेंबरपर्यंत अर्धी, मार्च २०१९ पर्यंत पाऊण आणि जूनपर्यंत सगळी. तोवर ती म्हातारी मुकाट्याने नोटा मोजून देत होती, आणि एवढे करून तिला ना ग्रॅच्युइटी, ना निरोपसमारंभ.

रकाना कधी ना कधी भरतोच. लेजरचे पान भरत आले की तळाशी 'पुढे नेले' असे लिहून बेरीज मांडायची आणि नव्या पानावर 'मागून आणले' म्हणून तीच उतरवायची, ही आमच्या धंद्यातली पहिली शिकवण. ज्याने हे वेळेवर केले त्याची शिल्लक जुळली. तेव्हा वाचकहो, तुमच्या माळ्यावरचा तो जुना कॉम्प्युटर 'कट् कट्' करायच्या आत एकदा उघडा. आणि पडद्यावर 'पुसून टाकू का?' असा प्रश्न आला, तर चहा घेऊन या. उत्तर द्यायची घाई त्याला असते, आपल्याला नसते.