पाचाचा ठिपका

जुन्या बटणांच्या फोनवर पाचाच्या आकड्याला एक बारीक उंचवटा असायचा. डोळस माणसाच्या तो लक्षातही येत नसे. रोह्याच्या माझ्या मामांचा अख्खा फोन मात्र त्या ठिपक्यावर उभा होता. बोट पाचावर टेकलं की वर दोन, खाली आठ, डावीकडे चार. काचबिंदूने नजर गेल्यावरही ते पेणला आमच्याकडे स्वतः फोन लावायचे. मग स्मार्टफोन आले, काच गुळगुळीत झाली आणि ठिपका गेला.

त्यावर एक सुरेख तोडगा काढणाऱ्यांपैकी एक माणूस पुण्यात वाढलेला आहे. टी. व्ही. रामन. १४व्या वर्षी त्यांचीही दृष्टी काचबिंदूनेच गेली. पुण्यात गणित, आयआयटी मुंबईत कम्प्युटर सायन्स आणि १९९४ साली कॉर्नेलमधून पीएचडी. प्रबंधाचा विषय: गणिताची समीकरणं आवाजात कशी वाचून दाखवायची. (त्या प्रणालीचं नाव ॲस्टर, त्यांना वाट दाखवणाऱ्या लॅब्रॅडॉरचंही तेच.) पुढे गूगलमध्ये चार्ल्स चेन यांच्यासोबत त्यांनी टचस्क्रीनवर नंबर फिरवायची एक पद्धत केली. काचेवर बोट जिथे टेकेल तिथे पाच आहे असं फोनने मानायचं. तिथून बोट वर सरकवलं की दोन. ठिपका शोधत बसायलाच नको, तो आपण होऊन बोटाखाली येतो! प्रोग्रामर म्हणून मला याचा आजही हेवा वाटतो.

२००९ हे साल या इतिहासात महत्त्वाचं. आयफोन ३जीएसमध्ये व्हॉइसओव्हर आलं आणि त्याच वर्षी अँड्रॉइडवर टॉकबॅक. पण अँड्रॉइडवर काचेवरून बोट फिरवत खाली काय आहे ते ऐकायची सोय २०११ मध्ये, चौथ्या आवृत्तीत आली. तोवर बटणं किंवा ट्रॅकबॉल असलेला फोनच घ्यावा लागे.

ही सॉफ्टवेअरं मुळात स्क्रीनवरचं चित्र पाहत नाहीत. ॲप लिहिणाऱ्याने प्रत्येक बटणाला जे नाव दिलंय ते वाचतात. नाव दिलंच नसेल तर मामांना फक्त एवढंच ऐकू येतं, की इथे लेबल नसलेलं बटण आहे. अशी तीन बटणं शेजारी शेजारी असली की पैसे पाठवायचं कोणतं आणि रद्द करायचं कोणतं, देव जाणे. नाव द्यायला कोडची एक ओळ लागते. आमच्या धंद्यात ती ‘नंतर बघू’च्या यादीत जाते.

नोटांचंही तसंच. जुन्या मालिकेत ५०, १००, ५०० आणि १०००च्या नोटा लांबीने १०-१० मिलिमीटरनी वाढत जायच्या: १४७, १५७, १६७, १७७. मामा बोटांनी मोजून पैसे द्यायचे. २०१६ नंतरच्या मालिकेत १००ची नोट १४२, २००ची १४६, ५००ची १५०. फरक ४ मिलिमीटरचा, आणि रुंदी सगळ्यांची सारखीच. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख रोह्याचे. त्यांच्या गावच्या बाजारात मामा आता नोट कॅमेऱ्यासमोर धरतात आणि बँकेचंच ‘मनी’ हे ॲप किंमत बोलून दाखवतं. १ जानेवारी २०२० ला आलेलं हे ॲप इंटरनेटशिवाय चालतं. नोट खरी की खोटी हे मात्र ते सांगत नाही. शिवाय भाजीवाल्यासमोर आपल्या खिशात काय आहे ते मोठ्याने बोललं जातं, म्हणून मामांच्या एका कानात कायम इअरफोन असतो.

सगळ्यात अवघड जागा केवायसीची. कॅमेऱ्यात बघा, पापण्या मिटा, चेहरा गोलात आणा. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ॲसिड हल्ल्यातल्या पीडित आणि दृष्टिहीन वकील अमर जैन यांच्या याचिकांवर निकाल दिला. डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं सांगून न्यायालयाने २० निर्देश दिले. जिवंतपणा तपासायला पापण्यांशिवाय दुसरे मार्गही ठेवा, हा त्यांतलाच एक.

मामांच्या बँकेचं ॲप अजून पापण्याच मिटायला सांगतं. मामांच्या पापण्या व्यवस्थित मिटतात. पण चेहरा गोलाच्या डावीकडे गेलाय की उजवीकडे, हे ॲप बोलत नाही. ते मामी बघते. फोनही तीच धरते.